जाईबाई आणि धुतलेला हौदा

सरोजिनीबाईंनी जाईबाईंना पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. १९५६ सालची दिवाळीची सुट्टी होती. परळच्या म्युनिसिपल शाळेत सरोजिनीबाईंना लागून चारच महिने झाले होते, आणि वर्गात विसरलेली छत्री न्यायला त्या गिरगावातून मुद्दाम आल्या होत्या. तिसरीच्या वर्गात बाकं नव्हती, मुलं तागाच्या लांब पट्ट्यांवर बसत. त्या पट्ट्या सुट्टीत दुरुस्तीला काढल्या होत्या आणि एक सावळी, काटक बाई गुडघे टेकून त्या शिवत होती. शिवता शिवता ती थांबली, दाभण पदराला टोचून ठेवलं आणि उजव्या हाताचा तळवा फरशीवर ठेवून तशीच बसून राहिली. तापकरी मुलाच्या कपाळावर हात ठेवावा तशी. काय बघता म्हणून सरोजिनीबाईंनी विचारलं.

"ओल आहे बाई," ती मागे न वळता म्हणाली. "पोरं वरून काय, एकमेकांना चिकटून बसतात. थंडी खालून चढते. मी पट्ट्या दुहेरी करते."

आणि तिनं खरोखरच त्या दुहेरी केल्या. सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा पट्ट्या छान जाड झाल्या होत्या, फक्त संख्येनं निम्म्या. मागच्या चार ओळींतली मुलं उघड्या फरशीवर आली. हेडमास्तर चिडले. त्यांनी निरोप पाठवला, तेव्हा जाईबाई दुसऱ्या दिवशी डोक्यावर फाटक्या गोण्यांचा भारा घेऊन आल्या, मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसून त्यांनी आणखी पट्ट्या शिवल्या आणि कुणाशी फार न बोलता निघून गेल्या. तेव्हापासून सरोजिनीबाई त्यांना नावानं ओळखू लागल्या.

जाईबाई वडाळ्याच्या एका बारदानाच्या गोदामात फाटक्या गोण्या सांधायचं काम करत. नवरा गिरणीत होता, तो तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेला. मूलबाळ नव्हतं. नवऱ्याचा थोरला भाऊ रामजी आणि त्याची बायको लक्ष्मी भोईवाड्यातल्या चाळीत राहत. त्या एका खोलीत आधी चौघं होती. नवरा गेल्यावर जावा-जावांचं बिनसलं. कशावरून, ते दोघींनाही पुढे धड सांगता येईना. जाईबाई आपली वळकटी घेऊन गोदामाजवळ एका ओळखीच्या बाईकडे राहायला गेल्या. भोईवाड्यात त्या पौर्णिमेला तेवढ्या येत. घरातले देव काढून छप्पन सालीच सगळ्यांनी धम्म घेतला होता, आणि पौर्णिमेच्या वंदनेला लक्ष्मीबाई जावेला जागा करून देत. पण बोलणं कामापुरतं.

रामजींशी तर जाईबाई कधीच थेट बोलल्या नव्हत्या. थोरला दीर म्हणजे सासऱ्याच्या जागी. त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, नजर खाली ठेवायची आणि सांगायचं ते तिसऱ्याच्या तोंडून सांगायचं. खोली दहा बाय बाराची, माणसं हाताच्या अंतरावर, तरी जाईबाई जावेला म्हणत, "त्यांना म्हणावं चहा झालाय." आणि रामजी तिथूनच म्हणत, "आलो म्हणावं."

रामजी कार्डिंग खात्यात होते. तिथं कापसाची धूळ उडते. तीस वर्षांत ती त्यांच्या छातीत जाऊन बसली होती. सोमवारी खातं चालू झालं की दम लागे तो बुधवारपर्यंत उतरत नसे. संयुक्त महाराष्ट्राच्या एकूण एक मोर्च्यांना ते गेले होते. पण सत्तावनच्या फेब्रुवारीत परळहून चौपाटीला निघालेल्या मोर्च्यात लालबागच्या नाक्यावरच त्यांचा श्वास सरला. एका दुकानाच्या पायरीवर ते बसले, समोरून सगळा मोर्चा गेला, ओळखीचे लोक हात करून गेले, आणि मग ते उठून घरी आले. घरी त्यांनी मोर्चा फार मोठा होता एवढंच सांगितलं. खरं काय ते लक्ष्मीबाईंना शेजारणीकडून कळलं. त्यांनी ते नवऱ्याला कधी बोलून दाखवलं नाही.

म्हणून नोव्हेंबरात जेव्हा ठरलं की प्रतापगडला जायचं, तेव्हा रामजी हट्टाला पेटले. गडावर शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण पंतप्रधानांच्या हस्ते व्हायचं होतं, आणि मुंबईसह महाराष्ट्र मिळत नाही म्हणून त्यांच्या वाटेवर, वाईच्या पुढे पसरणीच्या घाटात, काळी निशाणं घेऊन उभं राहायचं असं संयुक्त महाराष्ट्र समितीनं जाहीर केलं होतं. रामजींचं म्हणणं, यात चालायचं कुठे आहे? ट्रकमध्ये बसून जायचं, रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, बसून परत यायचं. एकदा शेवटपर्यंत उभं राहायचंय, बस्स. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की छातीला गारठा लागू द्यायचा नाही, एकदा कफ धरला तर आवरणार नाही. लक्ष्मीबाईंनी नाही म्हणून सांगितलं. दोन दिवस घरात कुणी जेवलं नाही.

तिसऱ्या दिवशी जाईबाई आल्या. त्याही जाणार होत्या. जिन्यातच लक्ष्मीबाईंनी त्यांना धरलं.

"नेशील तसे आणशील?"

"अंगात ताप न घेता आणीन, आक्का."

लक्ष्मीबाईंनी आत जाऊन नवऱ्याची धोतरं घडी करायला घेतली.

सरोजिनीबाई या ट्रकमध्ये आल्या त्या त्यांच्या आतेभावामुळे. रघुवीर दादरला एका विमा कंपनीत कारकून होता आणि भोईवाड्याच्या तुकडीची व्यवस्था त्याच्याकडे होती. तो बरोबर आहे म्हटल्यावर गिरगावात वडिलांनी फारशी कुरकुर केली नाही. शाळेत त्यांनी घरगुती कामासाठी दोन दिवसांची रजा टाकली. ट्रक एका मासळीच्या व्यापाऱ्यानं फुकट दिला होता. भाऊच्या धक्क्यावरून तो सुकी मासळी देशावर नेत असे. ड्रायव्हर भिवा साताऱ्याकडचा, बोलायला मोकळा. हौद्यावर लोखंडी कमानी, कमानींवर ताडपत्री. सोळा माणसं होती, त्यांत पाच बायका. बसायला जाईबाईंनी गोदामातून मागून आणलेल्या गोण्या अंथरल्या होत्या.

शुक्रवारी पहाटे भोईवाड्याहून निघाले आणि पनवेल येईपर्यंतच सरोजिनीबाईंनी नाकाला पदर लावला. फळ्याफळ्यांत सुकटीचा वास मुरला होता. ऊन चढलं तसा तो ताडपत्रीखाली दाटून आला. गिरगावातल्या त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. समोर बसलेल्या कमळाबाई लालबागला खानावळ चालवत. त्या मूळच्या मालवणच्या. त्यांनी पोरीची अवस्था पाहिली आणि मायेनं म्हणाल्या, "नाकान श्वास घेव नको गो. तोंडान घे. माका तर हो वास घरचोच वाटता." जाईबाईंनी ताडपत्रीची एक दोरी सोडून सरोजिनीबाईंना फटीपाशी बसवलं. खंडाळ्याचा घाट, पुणं, कात्रज, खंबाटकी अशी वाट त्यांनी त्या फटीतूनच पाहिली.

वाईला पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. गावात पाय ठेवायला जागा नव्हती. धर्मशाळा, देवळांचे मंडप, ओळखीच्यांची घरं, सगळं भरून गेलं होतं, आणि अजून माणसं येतच होती. रात्र ट्रकमध्येच काढायची असं ठरलं. गावाबाहेर कृष्णेच्या काठी एका शेतकऱ्याच्या खळ्याशेजारी भिवानं ट्रक उभा केला. रामजींना खोकला सुटला होता. त्यांना गरम चहा पाजावा आणि सगळ्यांसाठी भाकरीचं बघावं म्हणून जाईबाई आणि भिवा त्यांना घेऊन गावात गेले. रघुवीर बाकीच्या तुकड्यांची चौकशी करायला गेला.

मागे राहिलेल्या बायकांमध्ये सरोजिनीबाईच शिकलेल्या. त्यांच्या मनात आलं, याच हौद्यात आता रात्रभर झोपायचं. नदी वीस पावलांवर होती. शेतकऱ्याकडून दोन बादल्या मिळाल्या. त्यांनी गोण्या बाहेर काढून झटकल्या आणि बाभळीच्या कुंपणावर टाकल्या, पदर खोचला आणि बायकांना घेऊन हौदा धुवायला काढला. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. चाळीतली कुठलीही बाई अंथरूण टाकण्याआधी खोली झाडून पुसून घेते, उन्हाळ्यात तर रात्री जमिनीवर पाणी मारल्याशिवाय कुणाला झोप येत नाही. दोन पुरुष आपणहून बादल्या भरून द्यायला लागले. तीस-चाळीस बादल्या तरी ओतल्या असतील. कमळाबाईंनी नारळाच्या काथ्यानं फळ्या घासल्या. मागचा फाळका सोडून सगळं पाणी खाली काढलं आणि सगळ्या जणी कमरेवर हात ठेवून, कामाचं चीज झालं अशा समाधानानं बघत उभ्या राहिल्या.

सूर्य डोंगराआड गेला आणि दहा मिनिटांत हवा बदलली. मुंबईच्या माणसांना ही थंडी माहीत नव्हती. नदीवरून एक गार पदर आल्यासारखा झाला आणि अंगावर काटा राहिला तो राहिलाच. प्रत्येकाजवळ एकेक चादर होती. स्वेटर एकट्या रघुवीरजवळ होता, त्याच्या आईनं बळेच दिलेला.

जाईबाई परत आल्या. फाळक्यावरून चढून आत गेल्या आणि वाकून तळवा फळीवर ठेवला. खाली उभ्या असलेल्या सरोजिनीबाईंना तो हात दिसला आणि आपण काय केलंय ते त्यांना कुणी सांगायच्या आधीच कळलं.

"धुतलंत?" जाईबाईंनी विचारलं.

"मी सांगितलं धुवायला. वास येत होता."

जाईबाईंनी फळीला नाक लावलं. "वास आहे तसाच आहे, बाई."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सरोजिनीबाईंना बरं वाटलं असतं. जुनं, उन्हानं तडकलेलं लाकूड ते, पाणी पार आत शिरलं होतं. रात्रभरात वाळलं नसतं. खाली उभे राहून रामजी दोन्ही हात काखेत घालून खोकत होते, आणि खोकला संपला की कुणाला काही झालेलं नाही असा चेहरा करत होते. भिवानं त्यांना केबिनमध्ये झोपा म्हटलं. पण केबिनच्या एका दाराला काचच नव्हती, वारा थेट आत येत होता. अर्ध्या तासानं रामजी आपणहून बाहेर आले.

जाईबाई शेतकऱ्याच्या घरात गेल्या आणि त्याच्या कारभारणीला घेऊनच बाहेर आल्या. चुलीतली दोन पाट्या राख मिळाली. ती ओल्या फळ्यांवर पसरून, ओल पिऊन काळी झाली की झाडून टाकायची, असं दोनदा केलं. मग खळ्यावरचा भाताचा पेंढा. मालक म्हणाला, लागेल तेवढा न्या, सकाळी परत टाका म्हणजे झालं. वीतभर जाडीचा थर हौद्यात पसरला. पेंढा झोपेत सरकतो, एका बाजूला ढीग होतो आणि माणूस फळीवर येतो, म्हणून वर गोण्या हव्यात आणि त्या एकमेकींना सांधलेल्या हव्यात. कंदिलाच्या उजेडात जाईबाई शिवायला बसल्या. सरोजिनीबाई गोण्या धरून होत्या. गोणीची शिवण उसवून ती उघडायची, कडेला कड लावायची आणि लांब लांब टाके घालायचे. दाभण इतकं भराभर चाललं होतं की बघणाऱ्याला ते दिसतच नव्हतं, नुसती सुतळी पुढे सरकताना दिसत होती.

गोण्या झाल्यावर त्यांनी चादरी मागितल्या. सोळा चादरी सोळा जणांवर राहिल्या तर सोळा जण कुडकुडतील, त्याच दुपदरी करून जोडल्या की खाली इकडे बायका, तिकडे पुरुष एकमेकांच्या उबेनं झोपतील, असं त्यांचं म्हणणं. सकाळी टाके ओढले की ज्याची त्याला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. भोक पडेल अशी एकानं कुरकुर केली. कमळाबाईंनी आपली चादर छातीशी धरली.

"माका काय थंडी लागना नाय. माजी वायली ऱ्हवांदे."

हौद्यात लालबागचे होते, परळचे होते, भोईवाड्यातले बौद्ध होते. कमळाबाई कुणाला दुखवण्यासाठी बोलल्या नव्हत्या, पण त्यांना काय म्हणायचंय ते सगळ्यांना कळलं. जाईबाईंनी मान हलवली आणि पुढची चादर घेतली. सरोजिनीबाईंनी आपली चादर काढून दिली तेव्हा ती कुणाच्या चादरीला जोडली जातेय ते त्यांनी मुद्दाम बघितलं नाही, आणि आपण मुद्दाम बघितलं नाही हेही त्यांच्या लक्षात आलं.

मग पत्रकांचा प्रश्न निघाला. रघुवीरजवळ वाटायच्या पत्रकांचे दोन गठ्ठे होते. जाईबाईंना त्यातला एक हवा होता, रामजींच्या सदऱ्याच्या आत छातीला आणि पाठीला लावायला. कागदाआडून वारा जात नाही म्हणाल्या. रघुवीर ऐकेना. समितीची पत्रकं आहेत, माझ्यावर जबाबदारी आहे, चुरगळली तर सकाळी काय वाटू? त्याचं चुकीचं नव्हतं. सरोजिनीबाईंनी पुढे होऊन गठ्ठ्याची दोरी दातानं तोडली.

"सरू!"

"हौदा मी धुतलाय, रघूदादा. पत्रकं मी इस्त्री करून देईन."

थोड्या वेळानं रघुवीरनं आपला स्वेटर काढून रामजींच्या हातात दिला आणि स्वतः अंगाभोवती धोतर गुंडाळून बसला.

केबिनच्या बाजूला बायका, फाळक्याच्या बाजूला पुरुष, मध्ये एक लुगडं आडवं बांधलेलं. पुरुषांना ताडपत्री चहूबाजूंनी घट्ट आवळून घ्यायची होती. जाईबाईंनी मागे हातभर उघडी ठेवायला लावली. भिवानंही तेच सांगितलं, की सगळं बंद केलंत तर सोळा जणांचा श्वास ताडपत्रीला लागून पाणी होईल आणि पहाटे तुमच्याच अंगावर ठिबकेल. रामजींना श्वासाला हवाही हवी होती.

रामजी मात्र पुरुषांच्या ओळीत अगदी शेवटी, हौद्याच्या बाजूच्या फळीला टेकून झोपले. आपल्या खोकल्यानं कुणाची झोप मोडू नये म्हणून. बाजूच्या फळीलाच सगळ्यात जास्त गारवा होता आणि जोडलेली चादर तिथवर जेमतेम येत होती. जाईबाईंना कंदील विझण्याआधी ते दिसलं होतं.

"बाई, त्यांना म्हणावं मधे या," त्या अंधारात म्हणाल्या.

सरोजिनीबाईंनी लुगड्यापलीकडे सांगितलं.

"बरं आहे म्हणावं मी," पलीकडून उत्तर आलं.

असं तीनदा झालं. दोघं एकमेकांना स्वच्छ ऐकू येतील एवढ्या अंतरावर होती आणि सरोजिनीबाई मधे पडून निरोप पोचवत होत्या. कुणीतरी हसलंही. मग हळूहळू बोलणी थांबली. पेंढ्याला ऊब धरली होती. भाताचा गोडसर वास येत होता, त्याच्याखाली सुकटीचा. एका बाजूनं कमळाबाई कूस बदलत होत्या, पुनःपुन्हा. शेवटी त्यांनी हळूच जोडलेल्या चादरीची कड उचलली, आपल्या चादरीसकट आत शिरल्या आणि जाईबाईंच्या शेजारणीला कुजबुजल्या, "सरक गो वायच." ती सरकली.

आणि तेव्हा तो आवाज यायला लागला. बारीक, एकसारखा, लाकडावर लाकूड वाजावं तसा. एकानं झोपेतच विचारलं, काय वाजतंय रे? रामजी म्हणाले, ताडपत्रीची दोरी कमानीवर आपटतेय. पण ते वाक्य त्यांना धड बोलता आलं नाही, आणि ते बोलत होते तेवढा वेळ आवाज बंद होता.

जाईबाई उठल्या. सरोजिनीबाईंना त्यांची हालचाल जाणवली. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, लुगडं बाजूला केलं आणि दिराच्या तोंडावर, आयुष्यात पहिल्यांदा, बोलल्या.

"भाऊजी, मी आक्काला शब्द दिलाय. आता लाज सांभाळत बसले तर तो मोडेल. उठा, मधे या."

हौद्यात सगळे जागे होते आणि सगळे झोपल्यासारखे पडून राहिले. मग गोण्यांवर खसखस झाली, कुणीतरी सरकलं, आणखी कुणीतरी सरकलं, आणि रामजी मधोमध आले. एका बाजूला रघुवीर, दुसऱ्या बाजूला गिरणीतला एक धिप्पाड जॉबर. जाईबाईंनी लुगड्याखालून काहीतरी पलीकडे सरकवलं. "हे पाठीखाली घ्या," एवढंच म्हणाल्या. दातांचा आवाज आणखी थोडा वेळ आला, मग विरळ झाला, आणि थांबला. सरोजिनीबाई तो थांबलेला ऐकत कितीतरी वेळ जाग्या राहिल्या.

पहाटे त्यांना दिसलं की लुगड्याखालून सरकवलं होतं ते जाईबाईंच्या अंगाखालचं होतं. टाके उसवून सोडवलेल्या दोन गोण्या आणि त्यांत गुंडाळलेला पेंढा. जाईबाई स्वतः उघड्या फळीवर, पाय पोटाशी घेऊन, पदर तोंडावर ओढून झोपल्या होत्या. सरोजिनीबाईंनी त्यांना हात लावला तेव्हा त्या लगेच उठून बसल्या आणि टाके ओढून चादरी सुट्या करायला लागल्या. कमळाबाईंची चादर न जोडताच आत राहिली होती. त्यांनी ती उचलली आणि कुणाकडे न बघता आधी चहा आणायला गेल्या. सोळाही जणांसाठी त्याच घेऊन आल्या.

रामजी सकाळी सातला घाटाच्या पहिल्या वळणाशी उभे राहिले. माणसांची रांग वर वर गेली होती, कुठं संपत होती ते दिसत नव्हतं. त्यांच्या हातात निशाण होतं आणि सदऱ्यातून एकेक पत्रक काढून ते येणाऱ्याजाणाऱ्याला देत होते. पत्रकं अंगच्या उबेनं कोमट झालेली, आणि एक भाकरीवाली म्हणाली, काय हो, तव्यावरून काढलीत का? रामजी हसले, खोकले, परत हसले. गाड्यांचा ताफा आला तेव्हा घोषणांनी डोंगर भरला. तो ताफा जायला चार मिनिटं लागली असतील. खाली रस्त्याच्या कडेला पुष्कळ जण दगडांवर बसले होते. रामजी बसले नाहीत. शेवटची गाडी वळणाआड गेली, धूळ बसली, लोक उतरायला लागले, तेव्हाही ते थोडा वेळ उभे होते. मग त्यांनी निशाण गुंडाळून काखेत मारलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जाईबाई, चला."

रविवारी दुपारी ट्रक भोईवाड्यात पोचला. लक्ष्मीबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांनी आधी नवऱ्याच्या मानेला हात लावून पाहिला. मान गार होती. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग जाईबाई गोण्यांचा भारा डोक्यावर घेऊन पुढे वडाळ्याला निघाल्या, त्यांचा हात सहज लक्ष्मीबाईंच्या हाताला लागला, आणि लक्ष्मीबाईंनी तो तसाच धरून ठेवला. हात भाजत होता.

आठ दिवस जाईबाई तापानं त्या खोलीत पडून होत्या. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सरोजिनीबाई मोसंबी घेऊन गेल्या. लक्ष्मीबाई जाईबाईंच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होत्या. सरोजिनीबाईंना राहवेना. त्या म्हणाल्या, हे माझ्यामुळे झालं. हौदा मी धुवायला लावला. जाईबाईंनी तुम्हाला सांगितलं नसेल.

नव्हतंच सांगितलं. लक्ष्मीबाईंनी पट्टी पिळली, विचार केला.

"मासळीचा ट्रक होता ना? मग मीही धुतलाच असता," त्या म्हणाल्या. "अशी घाण ठेवून कुणी झोपतं का?"

जाईबाई डोळे मिटून पडल्या होत्या. त्यांना हसू आलं, आणि हसता हसता खोकला. भिंतीशी बसलेले रामजी म्हणाले, "तिला म्हणावं पडून राहा." मग त्यांनाच काय वाटलं कोण जाणे. ते म्हणाले, "जाई, पडून राहा गं."

ताप उतरल्यावर वडाळ्याला परत जायची गोष्ट जाईबाईंनी दोनदा काढली. लक्ष्मीबाईंनी दोन्ही वेळा ऐकू न आल्यासारखं केलं. शेवटी एके दिवशी रामजीच जाऊन त्यांची वळकटी घेऊन आले. महाराष्ट्र झाला त्या दिवशी तिघं मिळून शिवाजी पार्कला गेली होती, हळूहळू, वाटेत बसत. त्यानंतर सहा वर्षांनी रामजी गेले. त्यांच्या छातीनं त्यांना डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा बरंच पुढे नेलं.

सरोजिनीबाई निवृत्त झाल्या त्यालाही आता दोन वर्षं झाली. महिन्या-दोन महिन्यांनी त्या भोईवाड्यात जातात. लक्ष्मीबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत, गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत. जाईबाई बहात्तरच्या. चाळीचा नळ पहाटे साडेचारला येतो, आणि दोघींचं पाणी त्याच भरतात.